विश्वास ठेवणं आणि विश्वासू राहणं

 

गेल्या महिन्यात केंद्रावरच्या ताई मला म्हणाल्या, "बचत गटावर तू पुष्कळ बोललीस. या वेळी तुझ्या श्रद्धेवर बोल. अडचणीत तू देवाला धरून कशी राहिलीस, ते सांग. पण प्रचार नको हं, आपलं केंद्र सगळ्यांचं आहे." मी म्हटलं, "ताई, प्रचार करण्यासारखं माझ्याकडं काही नाहीच. एकदा मी देवाला धरून राहिले नाही, त्याची गोष्ट आहे. ती सांगू का?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तीच सांग."

मी नगर जिल्ह्यातली. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. आमच्या भागात ख्रिस्ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, पुढं गावोगाव शाळा निघाल्या, छोटी छोटी चर्चेस उभी राहिली. आमच्या गावचं चर्च पत्र्याचं आहे, तीस-पस्तीस घरांचं. गाणी आमची टाळ-मृदंगावरची, अभंगाच्या चालीची. शेजारची माणसं ओट्यावर बसून ऐकतात तेव्हा त्यांना ती परकी वाटत नाहीत.

लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर, मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. त्यानंतर बचत गटांच्या कामाला लागले. माझ्याकडं चौदा गट आहेत. कुठल्या गटात एखाद-दुसरं ख्रिस्ती घर, कुठल्या गटात एकही नाही. मी संक्रांतीचा तिळगूळ घेते, नाताळच्या करंज्या देते. सुरुवातीला एका गटाची बैठक रविवारी सकाळी असायची. मी भीत भीत म्हटलं, माझी उपासना असते. बायकांनी दोन मिनिटांत वार बदलला. म्हणजे त्रास द्यायला कुणी टपलेलं होतं, अशातला काही भाग नाही. माझी अडचण बाहेरून आली नाही. ती माझ्याच घरात होती, आणि त्याहून जास्त माझ्या मनात.

माझे मिस्टर टेम्पो चालवायचे. २०२२ च्या दिवाळीनंतर त्यांचा अपघात झाला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रॉड बसवला. टेम्पोचे हप्ते थकले, शेवटी टेम्पो गेला. सासूबाईंना शुगर, मुलांच्या शाळा, आणि घरात येणारा पैसा फक्त माझ्या मानधनाचा. चर्चचे लोक आले, पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली. भगिनी मंडळाच्या बायकांनी बाजरी आणून दिली, डाळ आणून दिली. पण लोक तरी किती दिवस देणार? प्रत्येकाच्या घरी चूल असतेच.

गावात एकदोघी विचारायच्या, "एवढं चर्चला जाता, मग तुमचा देव काय करतोय?" त्यात कुचकेपणा कमी आणि खरं कुतूहल जास्त असायचं. मी हसून म्हणायची, "देव बघून घेईल." माझ्या डोक्यात असं बसलं होतं की आपण ख्रिस्ती, आपण रडलेलं दिसायला नको. आपण हात पसरलेलं दिसायला नको. आमच्यात एक शब्द आहे, साक्ष. माणसाच्या जगण्यावरून लोकांना देव कळावा, ती साक्ष. मला वाटायचं, मी खचलेली दिसले तर माझी साक्ष खराब होईल. म्हणून मी चापूनचोपून साडी नेसून, हसऱ्या चेहऱ्यानं बैठकांना जायची, आणि घरी येऊन मोरीत पाणी सोडून रडायची.

आता मूळ गोष्ट. २०२३ साली ७ एप्रिलला उत्तम शुक्रवार होता. आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, एका गटाची बैठक झाली. बारा जणींची दोनशे-दोनशे रुपये बचत, म्हणजे २,४०० रुपये, आणि कर्जाचे परतफेडीचे ८,६०० रुपये. एकूण ११,००० रुपये जमले. त्याच बैठकीत एका मावशींना ८,००० रुपये कर्ज द्यायचं ठरलं. मावशींची मुलगी नर्सिंगचा कोर्स करते. फीचा हप्ता बुधवारपर्यंत भरला नाही तर तिला हॉलतिकीट मिळणार नव्हतं. गटाच्या खात्यात जेमतेम दीड हजार शिल्लक होते, कारण आधीच्या महिन्यात दोन कर्जं दिलेली. म्हणजे मावशींचं कर्ज त्या ११,००० मधूनच द्यायचं होतं.

आपला नियम तुम्हाला माहीत आहे. जमलेली रक्कम अध्यक्ष आणि सचिवांनी बँकेत भरायची, समन्वयकानं पैशाला हात लावायचा नाही. पण सचिव लग्नाला परगावी निघाल्या होत्या, अध्यक्षबाईंच्या घरी पाहुणे होते. शुक्रवारी बँकेला सुट्टी, शनिवार दुसरा म्हणून सुट्टी, नंतर रविवार. "तूच ठेव गं, सोमवारी भर," असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्याकडं दिली. मी घरी आणून धान्याच्या कोठीत ठेवली.

शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमची उपासना असते. क्रुसावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात. त्या वर्षी एका वचनावर मी बोलले होते. चांगलं बोलले, असं लोक म्हणाले. त्याच रात्री मिस्टरांना ताप भरला. पाय सुजून लाल झाला होता, जखमेतून पू यायला लागला. भावाला बोलावून त्यांना नगरला दवाखान्यात नेलं. ॲडमिट करायला १२,००० रुपये भरा म्हणाले. माझ्याकडं ३,००० होते.

मी भावाबरोबर मोटरसायकलवर परत घरी आले, कोठी उघडली आणि गटाच्या पिशवीतून ९,००० काढले. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या वेळी मला पाप वाटलंच नाही. उलट मनात आलं, नेमके आजच पैसे घरात आहेत, म्हणजे ही देवानंच केलेली सोय. मी देवाचे आभार मानले. दुसऱ्याच्या घामाचा पैसा, आणि मी त्याला देवाचं देणं म्हटलं.

भाऊ म्हणाला होता, सोमवारी तुला दहा हजार आणून देतो. रविवारी पुनरुत्थानाच्या पहाटे लोक मेणबत्त्या घेऊन चर्चमध्ये जमले, तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. मिस्टरांचा ताप उतरला होता. मला वाटलं, सगळं मार्गी लागलं. सोमवारी भावाचा फोन आला. त्याच्या कांद्याचे पैसे आडत्याकडून आले नव्हते.

सोमवारी मावशींनी विचारलं, "भरले का पैसे?" मी म्हटलं, "बँकेत फार गर्दी होती." मंगळवारी त्या पुन्हा आल्या. मी म्हटलं, "सर्व्हर डाऊन आहे." हे वाक्य आपल्याकडं कुणालाही खरं वाटतं. मावशींनाही वाटलं. जाताना त्या म्हणाल्या, "तू सांगतेस म्हणजे तसंच असणार. तू देवाचं करणारी, तू खोटं कशाला बोलशील?"

त्या गेल्या आणि मी दाराला टेकून बसले. तीन दिवस जे पाप वाटलं नव्हतं, ते एका वाक्यात वाटलं. ज्या साक्षीला मी एवढी जपत होते, त्याच साक्षीच्या जोरावर माझं खोटं चालून गेलं होतं. मावशी माझ्या शब्दावर विसंबल्या त्या मी ख्रिस्ती आहे म्हणून, आणि मी त्याच गोष्टीच्या आड लपले होते.

त्या रात्री मी प्रार्थनेला बसले, पण शब्द फुटेना. देवा, पैशांची सोय कर, असं म्हणवेना. सासूबाई जाग्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या जास्त शिकलेल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "देवाला सांगून झालं असेल, तर आता जिचे पैसे तिला सांग."

बुधवारी सकाळी सात वाजता मी मावशींच्या दारात गेले. त्या वारकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ. अंगणात सडा घालत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं, "मावशी, सर्व्हर डाऊन नव्हता. पैसे मी वापरले." त्यांनी बादली खाली ठेवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्यात माळ घातली की खोटं बोलायचं नाही, असा नेम असतो. तुमच्यात काय असतो?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही कुणी मला श्रद्धेवर बोलायला सांगितलं, की आधी तो प्रश्न आठवतो.

मग त्या म्हणाल्या, "रडू नकोस. आधी पोरीच्या फीचं बघ." आम्ही दोघी अध्यक्षबाईंकडं गेलो, त्यांना सांगितलं. तिथून मी पतसंस्थेत गेले. गळ्यातलं मंगळसूत्र, त्यात बारीक क्रूस आहे, ते आणि कानातले गहाण ठेवले. ९,००० मिळाले. ते गटाच्या पिशवीत घातले, अध्यक्षबाईंनी त्यातून ८,००० मावशींना सही घेऊन दिले, आणि दुपारी साडेतीनला नेट कॅफेवरून फी भरली गेली. मुलीला हॉलतिकीट मिळालं. म्हणून मी आज इथं बोलू शकतेय. नसतं मिळालं, तर कोणत्या तोंडानं बोलले असते?

गुरुवारी बैठक घेतली आणि बाराही जणींसमोर सगळं सांगितलं. तुम्हाला वाटेल, बायकांनी मला जवळ घेतलं, माफ केलं. तसं काही झालं नाही, आणि होऊही नये. एक जण म्हणाली, "हिला काढून टाका." दुसरी म्हणाली, "प्रार्थना करायची आणि पैसे खायचे." ते फार लागलं, कारण ते एकट्या माझ्यावर नव्हतं, आमच्या तीस-पस्तीस घरांवर होतं. मी एकटी चुकले आणि बोल सगळ्यांना लागला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "चूक आपलीही आहे. नियम मोडून पिशवी आपणच दिली." शेवटी ठरलं ते असं. मी पाचशे रुपये दंड भरायचा. सहा महिने माझ्या कुठल्याही गटात रोख मोजताना मी बाजूला बसायचं. पेटीला दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन घरी. बँकेत जाताना दोघींनी जायचं आणि भरणा पावती त्याच दिवशी सगळ्यांना दाखवायची. माझ्या वरिष्ठांना मी स्वतः लेखी कळवलं.

बैठक संपताना एक म्हातारी आजी जे बोलली, ते दंडापेक्षा जास्त लागलं. म्हणाली, "अगं, तुझ्या स्वतःच्या गटात आजारपणाच्या कर्जाचा नियम हाये ना? तूच तर आम्हाला शिकवलास. रात्री एक फोन केला असतास, तर चार जणींनी तुला पैसे आणून दिले असते. मागितलं का न्हाईस?"

का नाही मागितलं? कारण मागायची लाज वाटली. समन्वयक म्हणून लाज, आणि देव बघून घेईल असं म्हणणारी म्हणूनही लाज. मागायची लाज वाटली, पण न विचारता घ्यायची वाटली नाही. आता विचार केला की हसू येतं आणि रडूही.

पैशापासून दूर बसण्याच्या त्या सहा महिन्यांत मी दोन बायकांबद्दल पुन्हा वाचलं. एक आमच्या नगरशी जोडलेल्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे'तला भाग मला अभ्यासाला होता, पण तेव्हा परीक्षेपुरता वाचला होता. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्या मागून गेल्या नाहीत. लहान मूल घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांची बोलणी खाल्ली. त्यांना पटलं तेव्हाच, १९०० साली, त्या ख्रिस्ती झाल्या. पुढं नगरला प्लेग आला तेव्हा प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. घरात पैसा टिकत नसे, कारण टिळकांचा हात फार सैल. आणि हे सगळं त्यांनी लिहिलंय ते कसं? स्वतःची फजिती, भित्रेपणा, भांडणं, काही न लपवता, हसत हसत. पूर्वी मला वाटायचं, एवढ्या मोठ्या बाईनं स्वतःचे दोष कशाला सांगावेत? आता कळतं, ज्याला काही लपवायचं नसतं त्यालाच तसं हसता येतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचं केडगाव दौंड तालुक्यात, आमच्यापासून काही फार लांब नाही. सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली. पुढं भाऊ गेला. १८८० साली लग्न झालं आणि १८८२ साली पती कॉलऱ्यानं गेले. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तरी सुख मिळालं का? इकडं पुण्यात १८९३ साली शारदा सदनातल्या मुलींवरून त्यांच्यावर टीकेचं वादळ उठलं. आणि तिकडं इंग्लंडमधल्या ज्या लोकांनी आधार दिला होता, त्यांनाही ही बाई ऐकत नाही, फार प्रश्न विचारते, असं वाटायचं. दोन्हीकडून बोलणी. तरी १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन केडगावला आल्या. दुष्काळ काय असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हातारपणी, कान कमी झालेले असताना, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत बसल्या. १९२१ साली मनोरमाही गेली. तरी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं.

मी काही रमाबाई नाही. त्यांच्या पायाच्या धुळीचीही सर मला नाही. पण एक गोष्ट लक्षात आली. एवढी प्रार्थना करणाऱ्या त्या बाईची माणसं एकेक करून गेलीच. विश्वास ठेवला म्हणून संकट टळलं, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. त्यांनी काय केलं, तर ज्या मुली त्यांच्या भरवशावर आल्या होत्या, त्यांचा भरवसा मोडू दिला नाही.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. एक विश्वास ठेवणं, दुसरा विश्वासू राहणं. पहिल्यात मी देवावर भार टाकते. दुसऱ्यात लोक माझ्यावर भार टाकतात आणि मी तो सांभाळते. मी पहिला शब्द रोज घोकत होते आणि दुसरा विसरले होते. देव माझं बघून घेईल म्हणता म्हणता, मावशींच्या मुलीचं कुणी बघायचं, हे डोक्यातच आलं नाही. मला वाटतं, अडचण येते तेव्हा आपल्या श्रद्धेची जी परीक्षा होते, ती या दुसऱ्या शब्दाची होते. घरात दाणा नसताना शेजारणीची ठेव जशीच्या तशी राहते का? आपण रंजलेलो असताना आपल्या तोंडून खरं निघतं का? आमच्यात प्रभूच्या नावानं, मावशींच्यात विठ्ठलाच्या नावानं, पण प्रश्न तोच आहे.

शेवटी तुम्हाला तीन साध्या गोष्टी सांगते. ख्रिस्ती असा, नसा, उपयोगी पडतील.

पहिली, अडचण लपवू नका. गटात आजारपणाच्या कर्जाचा नियम करून ठेवा आणि तो सगळ्यात आधी पदाधिकाऱ्यांनी वापरून दाखवा, म्हणजे इतर बायकांची लाज जाईल. आणि आपल्या चर्चमध्ये, भजनी मंडळात कुणी नेहमी हसतमुख दिसत असेल, तर तिला एकदा बाजूला घेऊन विचारा, "घरी खरं कसं चाललंय?"

दुसरी, चांगल्या माणसावर सोडू नका, नियमावर सोडा. मी चांगली आहे म्हणून पिशवी माझ्याकडं आली. चांगल्या माणसाच्याही घरी रात्री दहाला ताप भरतो.

तिसरी, चुकलात तर आधी त्या माणसाकडं जा. देवापुढं रडणं सोपं असतं. मावशींच्या अंगणात उभं राहणं अवघड असतं. पण तिथून परत आल्यावर मला प्रार्थनेला शब्द सापडले.

मिस्टरांचा पाय पूर्ण बरा झाला नाही. एक पाय आखूड राहिला, टेम्पो आता जमत नाही. एका गॅरेजमध्ये हिशोब बघतात. मंगळसूत्र सोडवायला चौदा महिने लागले. मी अजून रोज पहाटे प्रार्थना करते. मागणी कमी असते. आज जे हातात येईल ते जसंच्या तसं पुढं पोचू दे, एवढंच बहुतेक मागते.

मावशींची मुलगी पास झाली, नोकरीला लागली. मावशी आमच्या नाताळला येतात, मी त्यांच्या एकादशीला शेंगदाण्याचे लाडू देते. पण माझ्यासमोर पैसे ठेवताना त्या अजूनही दोनदा मोजतात. मला वाईट वाटत नाही. मीही त्यांच्यासमोर दोनदा मोजते, आणि मग दोघी सही करतो.